न तुटलेला सूर

मामांच्या उजव्या हातात काहीतरी बिघडतं आहे हे मला त्यांना पाहण्याआधीच कळलं होतं. ऐकून कळलं. पोळा होऊन गेला होता, सकाळ ढगाळ होती आणि मी सिंदी मेघेतल्या आमच्या घरात कानाला हेडफोन लावून बसले होते. मामा त्यांच्या गावाहून, म्हणजे सिंदी रेल्वे नावाच्या दुसऱ्या सिंदीहून, रेडिओवर मोर्सच्या टिंब-डॅशांत पावसाची हकिगत सांगत होते. मध्येच एका अक्षरात एक टिंब जास्त आलं. अशी चूक कुणाचीही होते. पण मामा चुकले की लगेच थांबत, ते अक्षर पुन्हा ठोकत आणि मगच पुढे जात. त्या सकाळी ते तसेच पुढे निघून गेले. चुकलेलं त्यांना ऐकूच आलं नसावं.

मामा शेतकरी होते. कपाशी, तूर, विहिरीपाशी थोडा भाजीपाला. तरुणपणी काही वर्षं लष्कराच्या सिग्नल विभागात होते आणि परत येताना मोर्स बोटांत घेऊन आले. पुढे त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला. घरामागच्या खोलीत टेबल मांडलं, कडुनिंबापासून गोठ्यामागच्या खांबापर्यंत अँटेनाची तार ताणली. लग्नानंतर मी सिंदी मेघेला राहायला आले, वर्ध्याच्या शाळेत विज्ञान शिकवू लागले, तेव्हा मलाही परीक्षा द्यायला लावली ती त्यांनीच. त्यांचं म्हणणं साधं होतं. पत्र लिहायचा त्यांना कंटाळा, आणि टेलिफोन दोन्ही घरी नव्हता. मग एका सिंदीनं दुसऱ्या सिंदीशी बोलायचं कसं? सत्तरचं दशक संपता संपता मला परवाना मिळाला. मामांनी जुळवून दिलेला एक लहान ट्रान्समीटर आणि लष्करी भंगारातला एक रिसीव्हर एवढ्यावर माझं काम भागत असे.

त्यांच्याकडचं यंत्र माझ्यापेक्षा कितीतरी मोठं होतं. काचेच्या व्हॉल्व्हचा जुना ट्रान्सीव्हर, ऐकायचं आणि पाठवायचं दोन्ही एकाच राखाडी पेटीत. देश सोडून जाणाऱ्या एका परदेशी इंजिनिअरनं जाताना तो त्यांना दिला होता. चालू केला की आधी नुसतं बसून राहावं लागे. पत्र्यातून तापलेल्या धुळीचा वास येई, मग खरखर हळूहळू वर येई. ऐकण्यापुरतं तेवढं पुरे होतं. पाठवायचं असेल तर मात्र यंत्र अँटेनाशी जुळवावं लागे, आणि तिथंच जपावं लागे. उजव्या हातानं मोर्सची कळ दाबायची. मीटरचा काटा एकदम वर उडे. डाव्या हातानं मोठं बटण फिरवत काटा खाली झुकेल ती जागा गाठायची आणि कळ सोडून द्यायची. जागा गाठायला उशीर झाला, कळ दाबलेलीच राहिली, तर आतल्या मोठ्या व्हॉल्व्हची पत्री लाल होत जाते. माणूस मरेल एवढा विजेचा दाब त्या पेटीत खेळत असे.

मला शिकवताना ते एवढंच म्हणाले होते, "काटा पडला का हात उचलजो. नाई पडला तरी उचलजो."

मामींना त्यांनी सांगून ठेवलं होतं की ते यंत्रापाशी बसले असले की दार लावलेलं असेल, आत यायचं नाही. मामींनी ते इतकं पाळलं की त्या खोलीत यंत्र चालू असताना काय होतं हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मोर्स ठोकणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो. ओळखीच्या माणसाचं पाऊल आपण दारातून ओळखतो, तसा तो हात ओळखू येतो. मामांचा हात जरा घाईचा, शब्दाच्या शेवटी हलकासा रेंगाळणारा. पोळ्यानंतर तो बदलत गेला. टिंबं एकमेकांना चिकटू लागली. डॅश लांबू लागले, अगदी किंचित, पण रोज ऐकणाऱ्याला ते कळत होतं. कधी एकच वाक्य ते दुसऱ्यांदा ठोकत आणि दुसऱ्यांदा ठोकतो आहोत हे त्यांच्या लक्षात येत नसे. मी त्यांना विचारलं, कळीची टोकं खराब झालीत का? त्यांनी कळवलं की टोकं घासून साफ केली आहेत.

सकाळी आमच्यासोबत आणखी दोघंतिघं येत, कुणी नागपूरकडचे, कुणी खाली आंध्रातले. मामांशी बोलताना तेही हळू ठोकू लागले. कुणी काही विचारलं नाही. वेग कमी झाला तेवढाच. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण त्याचा अर्थ असा होता की मला एकटीला भास होत नव्हता.

दिवाळीत मी मामांकडे गेले. मामींनी चहा आणला. मामांनी कप डाव्या हातानं घेतला. उजवा हात त्यांनी मांडीवर ठेवला होता आणि तो तिथं ठेवलेला आहे असं पाहताक्षणी जाणवत होतं. तर्जनीच्या टोकाला भाजल्याची एक पांढरी, वाळलेली खूण होती. झाकण काढून काम करताना बोट कुठेतरी लागलं असणार. जिवंत तारेशी हात न्यायचा नाही हे त्यांनीच मला शिकवलं होतं, म्हणून त्या खुणेकडे मला पाहवेना.

चहा झाल्यावर ते म्हणाले, चल, आज कोण येते ते पाहू. आम्ही मागच्या खोलीत गेलो. त्यांनी दार लावलं, यंत्र तापू दिलं. मग कळ दाबली. काटा वर उडाला. डाव्या हातानं त्यांनी बटण फिरवलं आणि जागा लगेच गाठली, नेहमीसारखी, हसत हसत. काटा झुकला. मी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहत होते.

तो उठला नाही.

मामा मीटरकडे पाहत होते. कळ अजून दाबलेली आहे हे त्यांना माहीत होतं, हे त्यांच्या मानेवरून मला कळत होतं. दंडाची शीर ताठली होती, पण खालचा हात तसाच. झाकणाच्या भोकांतून आतला उजेड आधी केशरी दिसला, मग लाल. मी वाकून त्यांचं मनगट धरलं आणि उचललं. मनगट झोपलेल्या लेकरासारखं जड होतं.

सूर बंद झाला. मग मी विचारलं, केव्हापासून?

ते म्हणाले, "मामीले सांगू नोको."

मी म्हटलं, वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात दाखवू, मी सोबत येते.

"दाखवून काय होते? मले मालूम हाय हे काय हाय. बाबाले असंच झालतं."

त्यांचे बाबा म्हणजे माझे आजोबा. मी लहान होते तेव्हा ते ओसरीवर खाटेला खिळून होते. आधी हात गेला, मग पाय, मग बोलणं. शेवटी नुसते डोळे हलायचे. त्यांना उचलणं, धुणं, भरवणं सगळं मामांनी केलं होतं. मामांना डॉक्टरनं सांगावं असं त्यात काही उरलं नव्हतं. काय येणार आहे ते त्यांनी रोज जवळून पाहिलेलं होतं.

मी मामींना त्याच दिवशी सांगितलं. मामी भाजी निवडत होत्या. त्या दचकल्या नाहीत. उठल्या, आतून मामांचा एक सदरा आणला आणि माझ्यासमोर धरला. काजं मोठी करून पुन्हा शिवलेली होती, एका हातानं बटणं लावता यावीत म्हणून. मामांनी त्याबद्दल विचारलं नव्हतं, मामींनी सांगितलं नव्हतं. एकाच घरात दोघंही ते जाणून होते आणि दोघंही एकमेकांपासून लपवत होते.

त्यानंतर मी मामांच्या मागे लागले. शेवटी ते म्हणाले, कापसाचा वेचा होऊ दे, मग येतो. मी वर्ध्याच्या डॉक्टरांना भेटून ठेवलं. माझ्या यजमानांनी सांगितलं, आले की आपल्याकडेच ठेवून घेऊ, पुढची खोली रिकामी करू. वेचा सुरू झाला, थंडी वाढली. रोज सकाळी मी मामांचा हात ऐकत होते आणि रोज त्यातलं काहीतरी कमी झालेलं असे. हेडफोन काढला की शाळेत जाईपर्यंत माझं कशात लक्ष लागत नसे.

तो रविवार होता. आकाश स्वच्छ होतं आणि मामांचा सिग्नल शेजारच्या खोलीतून आल्यासारखा येत होता. आम्ही मराठीच इंग्रजी अक्षरांत ठोकत असू. त्यांनी सांगितलं की आज गारठा आहे, वेचा संपत आला. सोमवारनंतर येतो असंही सांगितलं. मग शेताकडे वळले. "तुरीले फूल", एवढंच ठोकून आलं. पुढचा शब्द डॅशनं सुरू झाला.

तो डॅश संपलाच नाही.

मोर्समध्ये सगळा खेळ सूर तुटण्याचा आहे. थोडा वेळ वाजला तर टिंब, जरा जास्त वाजला तर डॅश. तुटल्याशिवाय अक्षर होत नाही. मी पेन्सिल धरून वाट पाहत राहिले. सूर चालू होता, सपाट, एकसारखा. मला वाटलं, आता त्यांनी डाव्या हातानं मनगट उचललं असेल. सूर चालूच. मी माझी कळ दाबून त्यांना हाक मारू लागले आणि मध्येच थांबले. कळ दाबलेली असताना पाठवणाऱ्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. त्यांचा सूर चालू होता तोवर मी इथून काहीही ठोकलं तरी तिकडे पोचणार नव्हतं.

मी यजमानांना बोलावलं. त्यांच्या कानाला हेडफोन लावला. ते म्हणाले, हे काय वाजून राह्यलं? मी म्हटलं, मामाजी आहेत. ते सायकल काढून कोपऱ्यावरच्या दुकानातल्या टेलिफोनवर गेले. सिंदीतल्या एका कापूस व्यापाऱ्याकडे फोन होता, तो लागला तर कुणाला तरी धाडता आलं असतं. ट्रंक कॉल लागला नाही. ते परत आले तेव्हा सूर चालूच होता. त्याची पट्टी थोडी उतरली होती. पेटी आतून तापली की असं होतं.

मी निघाले. यजमान रिसीव्हरपाशी बसले. तिथं बसून करण्यासारखं काही नव्हतं, पण तो सूर ऐकायला कुणी नसावं हे आम्हा दोघांनाही सोसवेना. मी ऑटोनं स्टँडवर गेले आणि सेलूवरून सिंदीला जाणारी एसटी धरली. रविवार असल्यानं गाडी भरलेली होती. जागोजागी थांबत होती. टोपल्या चढत होत्या, बायका एकमेकींना सरकायला सांगत होत्या. इंजिनाच्या घरघरीत मला तो सूर सापडत राहिला. गाडी थांबली आणि इंजिन बंद झालं की वाटे, तुटला, पुन्हा सुरू झालं की वाटे, अजून चालू आहे. चालू असण्याची भीती वाटत होती आणि बंद होण्याचीही.

मामांच्या घरी पोचले तेव्हा अंगणात ऊन होतं. मामी चुलीपाशी भाकरी थापत होत्या. मला पाहून त्यांना आनंद झाला. अशी अचानक काऊन आली, म्हणाल्या. मग मागच्या खोलीकडे मान वळवून म्हणाल्या, "तुहे मामा आत बोलून राह्यले. आज लय वेळचे बसले."

त्या सकाळभर तिथंच होत्या. त्यांच्यापासून त्या दारापर्यंत अंगणही ओलांडावं लागत नव्हतं.

मी ओसरीवरचा मेन स्विच आधी खाली ओढला. मग दारावर थापा मारल्या. कडी आतून होती. जळलेल्या लाखेचा वास फटीतून येत होता. शेजारचा माणूस कुऱ्हाड घेऊन आला, त्यानं कडीपाशी दार फोडलं.

मामा खुर्चीतच होते. टेबलावर उजव्या अंगानं कलले होते आणि सगळ्या दंडाचा भार कळीवर होता. पेटीला हात लावता येत नव्हता इतकी ती तापलेली होती. मी त्यांचं डोकं उचललं. डोळे उघडे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मामींकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. त्यांना सगळं समजत होतं. ओठाची एक बाजू हलली, पण शब्द झाला नाही.

त्या व्यापाऱ्याच्याच जीपमधून आम्ही त्यांना वर्ध्याला नेलं. वाटेत मामी त्यांचे पाय धरून बसल्या होत्या. संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात यजमान मला म्हणाले की मी गेल्यावर बराच वेळ सूर चालला, मग घोगरा झाला, बारीक होत गेला आणि विझला. त्यांना वाटलं, मी पोचले आणि बंद केला. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. मी हिशेब लावला. तेव्हा मी सेलूलाही पोचले नव्हते. विझले होते ते व्हॉल्व्ह. त्यानंतरही मामा तितकाच वेळ तसेच बसून होते, कुणालाही ऐकू न येता.

मामा वाचले. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. त्यांना आम्ही सिंदी मेघेला आमच्या पुढच्या खोलीत ठेवलं, मामीही आल्या. काही आठवड्यांनी डावा हात चांगला हलू लागला, तेव्हा माझ्या मनात आलं की वाचा गेली तरी मोर्स आहे. मी कोणाला न सांगता एक कळ आणि एक लहान बझर पाटावर बसवून त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. त्यांचे डोळे चमकले. त्यांनी कळ दाबली. ठोके येऊ लागले, सफाईदार, घाईचे, शेवटाला रेंगाळणारे. अक्षरंही होती. मी भराभरा लिहून घेत होते. कागदावर जे उतरलं त्यात एकही शब्द नव्हता. मी पुन्हा ठोकायला सांगितलं. पुन्हा तीच सफाई, आणि पुन्हा नुसती अक्षरं, कशाचीही कशाशी गाठ नाही. मामी दारात उभ्या राहून विचारत होत्या, काय म्हणतात? मामा माझं तोंड पाहत होते. मला वाटतं, त्यांना ते माझ्या तोंडावरून कळलं. त्यांनी हात कळीवरून काढला आणि पाट हळूच दूर सारला. डॉक्टर पुढे म्हणाले की शब्द जिथून येतात तीच जागा गेली आहे, जीभ काय आणि बोटं काय, दोन्हींना एकच. मी पुन्हा कधी तो पाट काढला नाही.

ऐकायला मात्र त्यांना आवडे. सकाळी मी रिसीव्हर त्यांच्या खोलीत लावून ठेवत असे. ओळखीचा हात आला की ते मान हलवत. पण कुठलं तरी स्टेशन यंत्र जुळवायला लागे आणि एक लांब, सपाट सूर येई. तो आला की मामा डाव्या हातानं खाटेची पाटी घट्ट धरत. बोटं पांढरी पडत. सूर तुटला की सोडत. मी आवाज कमी करायला धावे, पण प्रत्येक वेळी मी खोलीत नसे. ती सकाळ त्यांच्याजवळ पूर्ण शाबूत होती. ती सांगायची सोयच तेवढी गेली होती.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. गावी नेऊन सगळं झालं. तेरवी झाल्यावर पाहुणे पांगले, तेव्हा मामींनी मला मागच्या खोलीत बोलावलं. फोडलेलं दार तसंच होतं. पेटीवर त्यांनी जुनं लुगडं टाकून ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, त्या दिवशी ते काय सांगत होते तुला?

मी म्हटलं, तुरीला फूल आलं असं काहीतरी. पुढचं आलंच नाही.

मामी पेटीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मले तर त्या सकाळी काईच नाई बोलले. चाय घेतला अन् दार लावलं."

मी पेटीवरचं लुगडं सारखं केलं.

ट्रान्सीव्हर मी रीतसर माझ्या नावावर करून सिंदी मेघेला आणला. व्हॉल्व्ह मिळवायला बराच काळ लागला. दरम्यान मामींना गावी एकटं करमेना, त्या काही महिने आमच्याकडे आल्या. एका सकाळी मी यंत्र लावलं तर त्या मागे येऊन स्टूलावर बसल्या. मी त्यांना जा म्हटलं नाही. त्यानंतर त्या रोज बसू लागल्या, हातात काहीतरी निवडायला घेऊन. मोर्स त्यांना कळत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. फक्त कुठून तो लांब सूर आला की त्यांचे हात थांबत.

"कोन हाय?" त्या विचारत.

मी सांगे, कोणीतरी आहे, यंत्र जुळवून राह्यला.

"थांबल ना तो?"

थांबेल, मी म्हणत असे. मग आम्ही दोघीही तो थांबेपर्यंत ऐकत बसत असू.